साडेतीन वर्षांचं लेकरू, ११ किलो वजन : पोटाचं डायलिसिस करायचं का मशीनचं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पोरगं साडेतीन वर्षांचं, वजन ११ किलो, जन्मापासून लघवीच्या वाटेत पडदा होता, त्याचं ऑपरेशन झालं पण उशिरा झालं, आता क्रिएटिनिन (रक्तात किती घाण साचली ते दाखवणारा आकडा) ७ च्या वर गेलं आणि डॉक्टर म्हणतात पोटात नळी टाकून घरीच डायलिसिस करा. घरच्यांचं म्हणणं की आपलं पत्र्याचं घर, समोर गोठा, इथं काय डायलिसिस होते, त्यापेक्षा नागपूरला मशीनवर नेऊ. साळा म्हणतो पोटात नळी टाकली की लेकरू वाचत नाही. आणि तुम्ही हेही विचारलं की पांढरकवड्याकडच्या एका लेकराचं डायलिसिस बारा दिवसांत बंद झालं, मग आमच्या पोराचं काहून नाही होणार. मी डॉक्टर नाही, डायलिसिसची सिस्टर आहे, १९ वर्षं झाली या कामात, त्यातली १४ लेकरांच्या वॉर्डात, आणि घरी पीडी (पोटाचं डायलिसिस) करणाऱ्या आयांना शिकवायचं काम माझ्याकडे राहते. माहेर माझं दारव्ह्याकडचं आहे त्यामुळे तुमचं घर, तो गोठा, सगळं डोळ्यासमोर दिसते. सरळ सांगते, तुमच्या पोराला पोटाचंच डायलिसिस बरं राहील. काहून ते आता सांगते.

पहिले ते बारा दिवसांचं. किडनी बंद पडणं दोन तऱ्हेचं राहते. एक अचानक. चांगलं खेळणारं लेकरू जुलाबानं सुकून जाते, नाहीतर वावरात घोणस चावते, मलेरिया किंवा स्क्रब टायफस होते, इन्फेक्शन अंगभर पसरते, आणि लघवी बंद. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधानं गेली ते तुम्ही ऐकलंच असेल, त्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, त्यानं किडनीच जाते, कितीतरी लेकरांना नागपूरला आणलं होतं आणि वीसच्या वर लेकरं वाचली नाहीत. (म्हणून हात जोडून सांगते, दोन वर्षांखालच्या लेकराला दुकानातून खोकल्याचं औषध आणून पाजू नका, सरकारनंही तेच सांगितलं आहे.) तर अशा अचानक बंद पडलेल्या किडनीला थोडे दिवस डायलिसिसचा आधार दिला तर बरेचदा ती परत चालू होते. पांढरकवड्याचं लेकरू त्यातलं असेल. तुमच्या पोराच्या किडन्या आईच्या पोटातच खराब व्हायला लागल्या, पडद्यामुळे लघवी अडली, मागं दाब पडला आणि किडन्या नीट घडल्याच नाहीत. त्या परत चालू होणाऱ्या नाहीत. हे ऐकायला फार जड आहे मला माहीत आहे, पण हे एकदा मनात बसलं की माणूस इकडे तिकडे पळायचं सोडते.

आणि एक, "लघवी तर भरपूर होते मग किडनी कशी फेल" हे तुम्ही लिहिलं नाही पण तुमच्या घरात कोणीतरी म्हणतच असेल, दहातल्या आठ घरात म्हणतात. पडदेवाल्या पोरांना लघवी भरपूरच होते. पण ते नुसतं पाणी जाते, घाण रक्तातच राहते. सोबत मीठही वाहून जाते. म्हणून मोठ्या माणसाच्या किडनीचा सल्ला, पाणी कमी करा, मीठ बंद करा, हा या पोरांना लागू नाही. मी अशी लेकरं पाहिली आहेत ज्यांना शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पाणी बंद केलं आणि ती सुकून आली. तुमच्या डॉक्टरनं उलट मीठ द्यायला सांगितलं तर घाबरू नका, तेच बरोबर राहते. २४ तासांची लघवी मोजून वहीत लिहा, त्यावरून पाणी ठरते.

आता मशीन. मशीनचं डायलिसिस वाईट नाही, मी रोज करते. पण हिशोब पाहा. लेकराच्या अंगात किलोमागं साधारण ८० मिली रक्त राहते, म्हणजे तुमच्या पोरात सगळं मिळून ९०० मिलीच्या आत. मशीन चालू असताना जेवढं रक्त नळ्यात आणि फिल्टरमधे बाहेर राहते ते अंगातल्या रक्ताच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावं, म्हणजे ९० मिलीच्या आत. मोठ्या माणसाच्या सेटमधे दोनशे मिलीच्या आसपास रक्त जाते. तो सेट अकरा किलोच्या पोराला लावला तर बीपी खाली जाते, पोरगं पांढरं पडते. लहान सेट लागतो, लहान लेकरांची सवय असलेला माणूस लागतो, आणि हे तालुक्याच्या, बरेचदा जिल्ह्याच्या डायलिसिस सेंटरलाही नसते, तिथं सगळी मोठी माणसं. मग आठवड्यातून तीन वेळा नागपूर. चार तास जायला, चार तास मशीन, चार तास यायला. पोरगं दर एक-दोन दिवसाआड सुई-पट्टी पाहून रडणार, तुमची मजुरी बुडणार, आणि मानेतल्या शिरेत टाकलेल्या नळीला इन्फेक्शन झालं तर ते सरळ रक्तात जाते. शिरा पण खराब होतात. या पोराला पुढची पन्नास वर्षं त्याच शिरा वापरायच्या आहेत. (त्यावरून आठवलं, रक्त तपासायला हाताच्या पाठीवरची शीर द्या, डाव्या हाताच्या कोपराजवळच्या आणि मनगटाच्या शिरा टोचू देऊ नका, तसं सांगितल्यावर कोणी रागावलं तर रागावू द्या.)

पोटाच्या डायलिसिसमधे रक्त बाहेर येतच नाही. पोटात आतड्यांवर एक पातळ पडदा राहते, त्यात बारीक बारीक रक्तवाहिन्या. पोटात साखरेचं औषधी पाणी भरून ठेवलं की रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्या पडद्यातून हळूहळू त्यात उतरते, काही तासांनी ते काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून चार वेळा, एका वेळेला अर्धा तास. सुई नाही. मधल्या वेळात पोरगं अंगणवाडीत जाऊ शकते. डायलिसिस रोज होते म्हणून खाण्यापिण्यालाही मोकळीक जास्त राहते. लहान लेकरांना सगळीकडेच, परदेशातही, पहिले हेच पाहतात. गरिबाचं म्हणून स्वस्तातलं दिलं असं अजिबात समजू नका.

पोटाची आधी मोठी ऑपरेशनं होऊन आतडी चिकटली असतील, किंवा पोटाच्या भिंतीत काही अडचण असेल तर पीडी जमत नाही, मग मशीनच. ते डॉक्टर पाहतील. तुमच्या पोराचं ऑपरेशन लघवीच्या वाटेतून दुर्बिणीनं झालं असं लिहिलंत, त्यानं पोटाला काही होत नाही.

आता घराचं. मला पत्र्याच्या घराची काळजी नाही, मला हातांची काळजी आहे. चांगल्या फ्लॅटमधली लेकरं पेरिटोनायटिस (पोटातलं इन्फेक्शन) होऊन आलेली पाहिली आणि कुडाच्या घरातलं एक पोरगं दोन वर्षं एकही इन्फेक्शन न होता राहिलेलं पाहिलं. त्याची आजी एक्स्चेंज, म्हणजे जुनं पाणी काढून नवीन भरायचं काम, करायची. शाळा कधी पाहिली नाही तिनं, पण हात धुताना मोठ्यानं आकडे मोजायची आणि मोजणं संपेपर्यंत घरात कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची नाही.

एक कोपरा पाहिजे, खोलीच पाहिजे असं नाही. दार लागलं पाहिजे, आत कोंबडी-बकरी येता कामा नये, भिंतीला वरून प्लास्टिक किंवा धुतलेली चादर लावा म्हणजे माती झडत नाही. पत्र्याखाली जुनी साडी ताणून बांधा. नळ नसेल तर तोटीवाला ड्रम किंवा कॅन उंचावर ठेवा, लोट्यानं पाणी घेऊन हात धुणं चालत नाही कारण तोच हात परत लोट्याला लागते. बॅगांचा साठा महिन्याला शंभर-सव्वाशे राहते, तो फळीवर ठेवा, जमिनीला टेकवू नका, उंदीर खोकी कुरतडतात आणि बॅगेला बारीक भोक पडलं तर दिसत नाही, वापरायच्या आधी दाबून पाहायची. फवारणीचं औषध, पंप, युरिया त्या खोलीत नकोच. मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ डिग्री होते, पत्र्याखाली बॅगा तापतात, त्या मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत ठेवा. थंडीत उलटं, पाणी थंड राहिलं तर पोरगं पोट आवळून रडते, तर बॅग कोरड्या गरम पॅडमधे गुंडाळायची. गरम पाण्याच्या बकेटीत बुडवायची नाही, तोंडाला पाणी लागते आणि तिथूनच जंतू शिरतात.

एक्स्चेंजचं जवळून सांगते म्हणजे भीती जाईल. दार बंद, पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात सगळ्यांचा जीव जाते, पण जोडायच्या त्या दोन-तीन मिनिटांत कूलरची हवा म्हणजे सगळी धूळ नळीच्या तोंडावर, जोडून झालं की पंखा लावा. मास्क तुम्हाला, आणि जवळ असणाऱ्या सगळ्यांना. साबणानं हात धुवायचे, बोटांच्या मधे, अंगठा, नखं, बांगड्या-अंगठ्या काढून, मग स्वच्छ कपड्यानं कोरडे करायचे, मग सॅनिटायझर आणि तो वाळू द्यायचा. नळीचं झाकण काढलं की तिचं तोंड कशालाच लागता कामा नये, पोराच्या हातालाही नाही, म्हणून पहिले काही दिवस दुसरा माणूस लेकराचे हात धरून त्याला गोष्ट सांगतो. आधी जुनं पाणी खालच्या बॅगेत काढायचं, दहा-वीस मिनिटं लागतात. मग थोडं नवीन पाणी सरळ खालच्या बॅगेत सोडून नळी धुवायची, मग भरायचं. भरायचं मोजून. बॅग एक किंवा दोन लिटरची येते आणि पोराला द्यायचं राहते सुरुवातीला शंभर-सव्वाशे मिली, मग डॉक्टर सांगतील तसं वाढवत तीन-साडेतीनशे. आम्ही अंगणवाडीत लेकरं तोलायचा असतो तसला स्प्रिंगचा काटा खिळ्याला टांगतो आणि बॅग त्याला लटकवतो. जितके मिली भरायचे तितक्या ग्रॅमनं काटा उतरला, म्हणजे साडेतीनशे भरायचं असेल तर साडेतीनशेनं, की क्लॅम्प (नळी दाबून बंद करायचा चिमटा) लावायचा. फोन वाजला, दारात कोणी आलं, आणि बॅग तशीच चालू राहिली तर पोराचं पोट तट्ट फुगते आणि श्वास लागते, म्हणून काट्यावरून नजर हलवायची नाही. उरलेलं पाणी फेकून द्यायचं, पुढच्या वेळेला वापरायचं नाही, महागाचं आहे म्हणून जीव होत नाही पण तरी फेका. नवीन झाकण लावलं की झालं. काढलेलं पाणी तोलून वहीत लिहायचं, किती गेलं, किती आलं, रंग कसा. सकाळचं वजन पण त्याच वहीत.

नळी टाकल्यावर शक्यतो दोन आठवडे जखम भरू देतात मग चालू करतात. तेवढ्या दिवसात शिकवणं होते. नळीला ओढ बसू नये म्हणून मऊ जुन्या सुती साडीची पिशवी शिवून कमरेला बांधा, पोरांना ती आवडते, त्यात गोट्या ठेवणारं पण पोरगं पाहिलं मी. अंघोळ वरून पाणी ओतून, नळीच्या जागेवर पाणी साचू न देता, मग कोरडं करून ड्रेसिंग. तलाव, नदी, टाकं बंद म्हणजे बंद. पोट साफ ठेवा, संडास कडक झालं की नळी अडते आणि पाणी निघत नाही, निम्म्या वेळा "सिस्टर पाणी येत नाही" असा फोन आला की पहिलं औषध जुलाबाचंच निघते.

रात्रभर मशीननं आपोआप पाणी बदलायची सोय पण आहे, पण तुमच्याकडे रात्री लाइट किती वेळ राहते ते तुम्हीच सांगा. हातानं केलेलं काही कमी नाही.

आता साळ्यानं जे सांगितलं त्याच्यामागं खरं काय आहे ते. पोटाच्या डायलिसिसमधली खरी भीती पेरिटोनायटिसची, पोटातल्या पडद्याला इन्फेक्शन. त्यात लेकरू दगावू शकते, हे मी लपवणार नाही. पण ते पकडता येते. निघालेल्या पाण्याची बॅग छापील पेपरवर ठेवा, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाणी पिवळसर पण आरपार, म्हणजे ठीक. तांदूळ धुतल्यासारखं गढूळ, अक्षर दिसत नाही, म्हणजे इन्फेक्शन, मग ताप असो नसो, पोट दुखो न दुखो. सकाळची वाट पाहायची नाही. तीच बॅग बांधून सोबत घेऊन निघा, आम्ही त्यातलंच पाणी तपासतो. मी सांगितली ना ती आजी, तिच्या सुनेच्या हातून एकदा नळीचं तोंड चादरीला लागलं होतं, सुनेनं भीतीनं सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी गढूळ. पहिल्या एसटीनं बॅग पोत्यात घेऊन आल्या दोघी. सून माझ्यासमोर रडत होती. अँटिबायोटिक पोटातूनच दिलं, दोन-तीन आठवडे, नळी काढावी पण लागली नाही. मी तेव्हापासून प्रत्येक आईला सांगते, हात चुकला तर लपवू नका, क्लॅम्प लावा आणि फोन करा, तुम्हाला कोणी बोलणार नाही. नवऱ्यानं बोलू नये, सासूनं बोलू नये. भाऊ, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. बाई बोलण्याच्या भीतीनं गप्प राहिली तर लेकरू जाते.

खाण्याचं थोडक्यात, कारण ते प्रत्येकाचं वेगळं, रिपोर्टवर चालते. डाळ-अंडं बंद करा हा मोठ्यांचा सल्ला, वाढत्या लेकराला आणि त्यातही पीडीवरच्या लेकराला प्रोटीन जास्त लागते, पोटातल्या पाण्यासोबत ते वाहून जाते. भूक यांना नसतेच, उलट्या राहतात, म्हणून तेल-तूप-साखर घालून थोड्यात जास्त ताकद जाईल असं द्या. तरी वजन वाढलं नाही तर नाकातून बारीक नळी टाकून रात्री दूध-पेज देतात, त्याला नाही म्हणू नका, या वयात गेलेली उंची मागून येत नाही. संत्रं, मोसंबी, केळं, नारळपाणी विचारल्याशिवाय नाही. आपल्या घरी संत्र्याचा ढीग राहते आणि लेकराला एक फोड देऊ नये याचं वाईट वाटते, पण पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबते. आणि ते दुकानात कमी सोडियमचं मीठ भेटते ना, किडनीवाल्यांसाठी चांगलं म्हणून कोणीतरी आणून देते, त्यात पोटॅशियम राहते, घरात नका आणू. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी दिली तर ती जेवणासोबतच, उपाशीपोटी दिली तर फॉस्फरस धरायचं तिचं काम होत नाही. रक्त कमी आलं की "रक्त चढवा" म्हणून मागं लागू नका, एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि लोह यानं वाढवता येते. बाहेरचं रक्त जितकं जास्त चढेल तितकं पुढं किडनी जुळायला अवघड. जडीबुटी, काढे, पुड्या, काही नाही.

किती दिवस, हे विचारलंत. डायलिसिस हा मुक्काम नाही. किडनी ट्रान्सप्लांट होईपर्यंत पोराला धडधाकट ठेवायचं, वाढवायचं, यासाठी ते आहे. साधारण दहा किलोच्या वर वजन गेलं की मोठ्या माणसाची किडनी लेकराच्या पोटात बसवता येते, पण टीम जितकी सवयीची तितकं बरं, इतक्या लहानासाठी मुंबईला जावं लागलं तरी जा. किडनी आई देऊ शकते, बाप देऊ शकतो, १९९४ च्या कायद्यात २०११ ला बदल झाला त्यानंतर आजी-आजोबा पण जवळच्या नातेवाइकांत धरतात. घरात कोणाचं जुळत नसेल तर नागपूरच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे मेंदूमृत माणसाच्या अवयवांची यादी जिथं राहते तिथं, हॉस्पिटलमार्फत नाव लावा. तुमच्या पोराचं एक जास्तीचं काम आहे, मूत्राशय. पडदेवाल्या पोरांचं मूत्राशय जाड आणि कडक झालेलं राहते, ते तपासल्याशिवाय नवीन किडनी टाकली तर तीही तशीच खराब होते. कदाचित दिवसातून काही वेळा बारीक नळीनं लघवी काढायला शिकवतील. ते पण शिकून घ्या. आणि लसी, हिपॅटायटिस बी, गोवर-रुबेलाची, कांजण्यांची, सगळ्या आत्ताच पूर्ण करून घ्या, जिवंत लसी ट्रान्सप्लांटनंतर देता येत नाहीत.

पैसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत सोय आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, नळी टाकायचं ऑपरेशन बसते का, आणि महिन्याच्या बॅगा कशात बसतात. बॅगांतच लोक अडकतात. कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकाकडून भरा. रेल्वेत डायलिसिस-ट्रान्सप्लांटच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत राहते, फॉर्मवर डॉक्टरची सही लागते. गाय विकायच्या आधी हे सगळे कागद फिरवून घ्या.

आणि खरं सांगायचं तर सगळी लेकरं वाचत नाहीत. जितकं लहान तितका धोका जास्त. पण साडेतीन वर्षांचं, ११ किलोचं, बाकी काही आजार नसलेलं पोरगं, त्याच्यासाठी मी जोर लावायला सांगेन.

तुमच्या वहिनीला दिवस गेले आहेत असं लिहिलंत. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका, मुलगा असो मुलगी असो, किडनीला सूज दिसते का एवढं डॉक्टरला विचारा. आणि मुलगा झाला तर लघवीची धार पाहा, थेंब थेंब येते का, जोर लावते का.

नळी टाकायची तारीख भेटली की शिकायला दोन माणसं या, एक नाही. कापूस वेचणीच्या दिवसात एकटीवर सगळं पडलं की हात चुकतात. तुमची बायको तर येईलच, सोबत आईला आणा. दोनशे पानांची वही आणा, स्प्रिंगचा काटा आणा, आणि घरातल्या त्या कोपऱ्याचा दिवसा काढलेला फोटो मोबाइलमधे आणा, खिडकी कुठं आहे ते पाहून बॅग कुठं टांगायची ते तिथंच सांगते.